मुंबईत राहून आयर्नमॅन करायची असेल तर सायकलपासून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. राहायला मुलुंडला, नोकरी बीकेसीत, वय ३९. मुंबई मॅरेथॉन पाच तासांच्या आत पूर्ण केलेली. पोहता येतं, पण फक्त तलावात. सायकल कॉलेजनंतर हातात घेतलेली नाही. पुढच्या वर्षी थेट पूर्ण अंतराची आयर्नमॅन (पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ एक, अशी लांब पल्ल्याची ट्रायथलॉन) करायची आहे आणि भीती पोहण्याची वाटते, म्हणून रोज सकाळी पोहण्याचा क्लास लावलाय. मुंबईत राहून हे जमेल का?

जमेल, पण पुढच्या वर्षी पूर्ण अंतराच्या मागे लागू नका आणि सगळा वेळ पाण्यात घालवू नका. मिलिंद सोमणने २०१५ मध्ये झ्युरिचची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली, तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता. त्यानंतर "मग मी का नाही?" असं म्हणत येणारे बरेच भेटले. त्यातले बहुतेक तुमच्यासारखेच: पळणं चांगलं, पाण्याची धास्ती, आणि सायकल म्हणजे काय, मारू पायडल. लांब अंतराची ट्रायथलॉन फसते ती बहुतेक वेळा या तिसऱ्या समजुतीपायी.

आकडे मांडून बघू. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, ४२.२ किलोमीटर पळणं. बहुतेक ठिकाणी पोहण्याचा कटऑफ २ तास २० मिनिटं, सायकल संपवण्याचा सुरुवातीपासून साडेदहा तास आणि एकूण सतरा तासांच्या आसपास. आज तुम्ही १०० मीटरला अडीच मिनिटं घेत असाल, तर ३.८ किलोमीटरला ९५ मिनिटं लागतील. सहा महिने घाम गाळून तोच वेग सव्वादोन मिनिटांवर आणलात, तर वाचली साडेनऊ मिनिटं. आता सायकल. ताशी २४ किलोमीटरने १८० किलोमीटरला साडेसात तास लागतात. २७ ने सहा तास चाळीस मिनिटं. म्हणजे पन्नास मिनिटांचा फरक. शिवाय ज्याला २७ सहज जमतं, तो २५ ने गेला तर ताज्या पायांनी मॅरेथॉनला उतरतो. ज्याला २४ च मुळात जड जातं, तो ४२ पैकी तीस किलोमीटर चालतो. निकालाच्या पानावर त्याची पळण्याची वेळ वाईट दिसते, आणि तो पुढच्या वर्षी पळण्याचा सराव वाढवतो!

तेव्हा शर्यत सायकलवर ठरते, आणि मुंबईत नेमका सायकलचाच सराव सगळ्यात अवघड. पळायला गल्लीही पुरते. पोहायला तुमच्या मुलुंडातच कालिदासच्या संकुलात महापालिकेचा तलाव आहे, दादरला शिवाजी पार्कजवळ आहे, चेंबूरला आहे. सायकलला मात्र सलग, सिग्नल नसलेला, खड्डे नसलेला रस्ता लागतो. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, एक्स्प्रेसवे, म्हणजे जे रस्ते बघून सायकलवाल्याच्या तोंडाला पाणी सुटतं, त्या सगळ्यांवर सायकलला बंदी. म्हणून वर्षाचं वेळापत्रक आखताना आधी सायकल कुठे बसते ते ठरवायचं आणि उरलेल्या जागेत पोहणं-पळणं घालायचं. बरेच जण नेमकं उलटं करतात.

मुलुंडकरांचं नशीब त्यातल्या त्यात बरं. ऐरोलीचा पूल ओलांडला की ठाणे-बेलापूर रस्ता आणि पुढे पाम बीच. पहाटे पाचला तिथे वाशी ते बेलापूर फेऱ्या मारता येतात. फक्त रविवारी पहाटे जपून, शनिवारची रात्र संपवून घरी निघालेल्या गाड्या तिथे फार वेगात असतात. मी तर लांब राइड शक्यतो शनिवारीच ठेवतो. चढासाठी ठाण्याचा येऊर जवळ आहे, उपवनवरून वर जायचं, खाली यायचं, पुन्हा वर. लांब अंतरासाठी नाशिक हायवे: भिवंडी बायपास, पडघा, शहापूर, आणि जमेल तेव्हा कसाऱ्यापर्यंत. मुलुंडहून कसारा जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास होतं, म्हणजे पूर्ण अंतराचीच रंगीत तालीम. ठाणे ते वडपे पट्ट्यात गेली काही वर्षं रुंदीकरणाच्या कामाने रस्त्याचे हाल आहेत. तो भाग उजाडायच्या आत, पुढेमागे दिवे लावून पार करायचा, आणि शक्य असेल तर सायकल गाडीत टाकून पडघ्यापासूनच सुरुवात करायची. त्यात कमीपणा काही नाही.

आता ग्रुप राइडबद्दल, कारण तुम्ही सायकल घेतलीत की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तुम्हाला ग्रुपमध्ये घालणार. जरूर जा, रस्त्यावर वीस जण एकत्र दिसले की ट्रकवालेही थोडे दबकून चालवतात. पण तिथला वेग तुमचा नव्हे. पुढच्याच्या चाकामागे बसलं की वाऱ्याचा मार कितीतरी कमी लागतो आणि ताशी ३२ चा वेग घड्याळात दिसतो. लांब अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये हौशी स्पर्धकांना ते चालत नाही. पुढच्या सायकलपासून १२ मीटरचं अंतर ठेवायचं, त्या टप्प्यात शिरलात तर २५ सेकंदांत ओलांडून पुढे जायचं, नाहीतर पंच पेनल्टी देतात. म्हणून महिन्यातून निदान दोन लांब राइड एकट्याने, किंवा जोडीदाराला लांब ठेवून. हँडलवर खाली वाकून, कोपर टेकवून तासन्‌तास बसायची सवयही एकट्यानेच लागते, घोळक्यात तसं बसणं धोक्याचं.

मग पावसाळा. आपल्याकडची जवळची हाफ अंतराची स्पर्धा म्हणजे पणजीच्या मिरामारची. २०१९ पासूनची, ऑक्टोबरात किंवा नोव्हेंबरात होते. त्याआधीचे तीन-चार महिने म्हणजे सरावाचा कस लागणारा काळ, आणि तो सबंध पावसात, वर गणपती आणि नवरात्र. मुंबईत जून ते सप्टेंबर रस्त्यावर लांब राइड करणं मला पटत नाही. पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, आणि एका मोडलेल्या कॉलरबोनपायी सगळं वर्ष जातं. इनडोअर ट्रेनर घ्या, म्हणजे सायकल अडकवून घरातच चालवायचं यंत्र. हवं तर सायकल थोडी स्वस्त घ्या, पण ट्रेनर घ्याच. खाली जाड रबरी मॅट अंथरा, नाहीतर पहाटे पाचला खालच्या मजल्यावरचे काका वर येतील. समोर मोठा पंखा, कारण मुंबईच्या दमटपणात पंख्याशिवाय ट्रेनरवर बसलात तर पाय थकायच्या आधी अंग तापून माणूस बेजार होतो. हँडलवर टॉवेल टाका, घामाने स्टीलचे बोल्ट गंजतात. ट्रेनरवर उतार नाही, सिग्नल नाही, पायडल थांबत नाही. त्यामुळे तिथले दोन तास रस्त्यावरच्या अडीच-तीन तासांना भारी पडतात, असा माझा अनुभव आहे.

ताकद मोजायची सोय स्मार्ट ट्रेनरमध्येच असते. वीस मिनिटं जीव तोडून चालवा, सरासरी वॅटचे ९५ टक्के म्हणजे तुमचा एफटीपी, साधारण तासभर टिकवता येईल इतकी ताकद. समजा तो १८० आला. हाफ अंतराला साधारण त्याच्या ७५ टक्के, म्हणजे १३५ वॅट. पूर्ण अंतराला ६५ ते ७०, म्हणजे ११७ ते १२६. हे आकडे पहिल्यांदा ऐकणारा हसतो, इतके ते सोपे वाटतात. पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये लोक भराभर तुम्हाला मागे टाकून जातील. जाऊ द्या. त्यातले बरेच जण नंतर पळताना, खरं तर चालताना, भेटतात.

पोहण्याकडे दुर्लक्ष करा असं मात्र मी म्हणत नाही. वेळेच्या हिशेबात पोहणं लहान आहे, धोक्याच्या हिशेबात सगळ्यात मोठं. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमधल्या नोंदींचा एक अभ्यास झाला. अचानक मृत्यू, हृदय बंद पडून वाचवलेले आणि अपघाती मृत्यू अशा एकूण १३५ घटनांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यात होत्या. वयाची चाळिशी गाठताना हा आकडा डोक्यात ठेवा आणि नोंदणीच्या आधी हृदयरोगतज्ज्ञाकडे जाऊन या: ईसीजी, टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट, आणि घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर तेही सांगा. मॅरेथॉन पळालो म्हणजे हृदय ठणठणीत, असं धरून चालू नका.

तुमचा रोजचा क्लास आठवड्यातून दोन-तीन दिवसांवर आणा. तंत्रावर पैसे घालवा, अंतरावर नको. मॅरेथॉनवाल्यांचे पाय पाण्यात हमखास बुडतात, कारण डोकं वर काढून पोहायची सवय. डोकं खाली, कंबर वर, श्वास दोन्ही बाजूंनी घेता आला तर उत्तम, आणि दर आठ-दहा हातांनंतर डोळे किंचित वर काढून पुढे बघायचं. समुद्रात तळाला काळी रेघ नसते. सरळ न गेलात तर ३.८ चे सव्वाचार किलोमीटर कधी होतात कळत नाही. गोव्यासारख्या कोमट पाण्यात वेटसूट (ऊब देणारा आणि तरंगायला मदत करणारा रबरी पोशाख) घालू देत नाहीत, हौशी स्पर्धकांना पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तरच तो चालतो. पण खारं पाणी उचलून धरतं, तेवढी मदत असते.

समुद्राचा सराव कुठे? पवई आणि विहार तलावांत मगरी आहेत, तो विचार सोडा. जुहू-गिरगावला पावसाळ्यात ब्लू बॉटल नावाचे डंख मारणारे जीव किनाऱ्याला लागतात. अक्सा, काशीदसारख्या किनाऱ्यांवर ओढ जबर आहे. एकट्याने समुद्रात कधीही उतरू नका, कितीही चांगले पोहत असलात तरी. सोबत होडी, कमरेला रंगीत फुगा, आणि भरती-ओहोटीची वेळ आधी बघितलेली. मुंबईच्या उधाणाला पाणी चार-साडेचार मीटरच्या वर चढतं, ते उतरायला लागलं की पोहणारा जागच्या जागी हात मारत राहतो. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे समुद्री स्पर्धांतच भाग घ्यायचा, तिथे बचावाच्या होड्या असतात. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात होणारी स्पर्धा त्यासाठी झकास: पाणी स्वच्छ, वेगवेगळी अंतरं, आणि शेजाऱ्याची लाथ तोंडावर बसली तर काय करायचं हेही शिकून होतं. (उताणं व्हायचं, चार श्वास घ्यायचे, पुन्हा सुरू.) मालवणला जाताच आहात तर घरच्यांनाही न्या. या छंदात घरच्यांच्या वाट्याला फार कमी चांगले दिवस येतात.

खाण्यापिण्याचा भाग मी सायकलचाच भाग मानतो, कारण पोट सायकलवरच भरावं लागतं. पळताना घशाखाली फार काही उतरत नाही. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं हा सुरुवातीचा हिशेब, पोट तयार झालं की ९० पर्यंत. साडेसात तासांचे झाले ४५० ग्रॅम. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम, म्हणजे अठरा केळी! कुणी खाणार नाही, म्हणून जेल आणि साखरेचं पाणी. पण लांब राइडला घरचं खाणं चालतं, आणि मला तेच आवडतं: बिया काढलेला खजूर, मीठ लावलेले उकडलेले छोटे बटाटे, राजगिऱ्याचा लाडू. शेंगदाण्याची चिक्की आणि गूळपोळी चवीला छान, पण शर्यतीत नको. तेलातुपामुळे उन्हात पोटात तशीच बसून राहते.

पाण्याबाबत दोन टोकं दिसतात, काही पीतच नाहीत आणि काही मिळेल तिथे ढोसत राहतात. दुसरं जास्त घातक, कारण मिठाशिवाय नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं आणि माणूस चक्कर येऊन, भ्रमिष्टासारखा वागून इस्पितळात पोचतो. सरळ मोजा. राइडच्या आधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. घटलेला एक किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम, प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. मुंबईत मे महिन्यात तासाला लिटरभर सहज निघतो. भरपाई त्याहून थोडी कमीच करायची. औषधाच्या दुकानातलं ओआरएस उत्तम, पण पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलंच घ्या. लिटरला ७५ मिलिमोल सोडियम, म्हणजे सतराशे मिलिग्रॅमच्या वर. घाम भरून काढायला पुरेसं. त्यात ग्लुकोज मात्र लिटरला फक्त साडेतेरा ग्रॅम असतं. ओआरएस पितोय म्हणजे ताकद मिळतेय असं समजू नका, खाणं वेगळं हवंच.

पळण्याबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्हाला येतं. एवढंच की सायकलवरून उतरल्यावरचं पळणं तुमच्या ओळखीचं नसेल. लांब राइडनंतर बूट बदलून लगेच वीस-तीस मिनिटं पळा, ज्याला सगळे ब्रिक म्हणतात. पहिली दहा मिनिटं पाय कुणा दुसऱ्याचेच वाटतात, मग वळणावर येतात. आठवड्यातल्या चारपाच दिवसांच्या पळण्याचे तीनच करा. नाहीतर सायकलला तास उरणार नाहीत.

आठवडा साधारण असा बसतो. मंगळवार, गुरुवार पहाटे तासभर ट्रेनर. बुधवार, शुक्रवार पोहणं. शनिवारी लांब राइड आणि वर छोटं पळणं. रविवारी लांब पळणं, हवं तर थोडं पोहणं. सोमवारी पूर्ण सुट्टी, मधल्या एका संध्याकाळी हलकं पळणं. हाफसाठी हे आठ ते दहा तास पुरतात. पूर्ण अंतराला शेवटच्या तीन महिन्यांत बारा ते पंधरा लागतात, आणि मुलुंड-कुर्ला-बीकेसी करणाऱ्या माणसाला ते कुठून तरी कापून आणावे लागतात. झोपेतून कापू नका. रात्री साडेनऊला आडवे झाला नाहीत, तर पहाटे साडेचारचा गजर पंधरवड्यापुरताच चालतो. घरी आधी बसून बोला: शनिवारची सकाळ तुमची, रविवारची दुपार त्यांची. लग्नं, बारशी, सत्यनारायण यांच्या तारखा त्याच कॅलेंडरवर लिहा. चुकलेला एखादा दिवस नंतर भरून काढायला जाऊ नका, त्यातूनच गुडघे जातात.

सायकल लाखाच्या आतली अ‍ॅल्युमिनियमची रोड बाइक पुरे. त्यावर क्लिप-ऑन एअरोबार (कोपर टेकवून वाकायच्या, हँडलवर बसवायच्या दांड्या) लावा आणि एकदा नीट बाइक फिट, म्हणजे सायकल आपल्या अंगाच्या मापाला जुळवून घ्या. फिटवर खर्च केलेले पैसे तुम्हाला कार्बनच्या चाकांपेक्षा जास्त वेग देतील, कारण मान-कंबर दुखायला लागली की माणूस सरळ उठून बसतो आणि सगळा वारा छातीवर घेतो. खास ट्रायथलॉनची सायकल पहिल्या पूर्ण अंतरानंतरही हवीशी वाटली तर घ्या. पंक्चर मात्र स्वतः काढता आलं पाहिजे, मागच्या चाकाचंसुद्धा, तेही अंधारात. दोन ट्यूब, लिव्हर आणि पंप कायम सोबत.

तुमच्यासाठी क्रम माझ्या मते असा: जानेवारीतल्या मॅरेथॉननंतर दोन आठवडे विश्रांती, मग सायकल. मेपर्यंत रस्त्यावर, पाऊस लागला की ट्रेनरवर, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोव्याची हाफ: १.९ पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं, एकूण कटऑफ साडेआठ तासांच्या आसपास. सायकल गोव्याला नेताना सुटी करून बॉक्समध्ये घाला किंवा ओळखीच्या ग्रुपच्या टेंपोत टाका, आणि निदान दोन दिवस आधी पोचा, म्हणजे जोडताना काही अडलं तर दुकान गाठता येतं. ती हाफ सात तासांच्या आत आणि शेवटचे पाच किलोमीटर पळत संपवलीत, तर त्याच्या पुढच्या वर्षी पूर्ण अंतराची नोंदणी करा. त्यासाठी ऑस्ट्रेलियातलं बसेल्टन मला पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी बरं वाटतं: सपाट, आणि डिसेंबरात, म्हणजे पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दोन महिने तुम्हाला नाशिक हायवेवर लांब राइडला मिळतात. मलेशियातलं लंगकावी जवळ आणि स्वस्त, हवाही आपल्यासारखीच, पण चढउतार बरेच आणि उकाडा जीवघेणा. युरोपातल्या जून-जुलैच्या स्पर्धा थंड हवेच्या मोहाने घेऊ नका. त्यांचा सगळा कठीण सराव एप्रिल-मेच्या मुंबईत करावा लागेल, आणि तिथलं पाणी इतकं गार असतं की वेटसूटमध्ये पोहायची वेगळी सवय हवी, ती इथे कुठे करणार?

क्लासवाल्यांना या महिन्याचे राहिलेले दिवस आठवड्यातून तीन असे पसरून मिळतात का ते विचारा. आणि सायकल घेण्याआधी कुणाची तरी मापाची रोड बाइक उसनी घेऊन पाम बीचवर तीन-चार शनिवार काढा. चाळीस किलोमीटरनंतरही बसावंसं वाटतंय का ते तिथे कळेल.